पायलीतली हवा

एकोडीच्या आमच्या घरात देवघराखालच्या फळीवर एक पितळेची पायली ठेवलेली आहे. माझ्या आबाजींनी ती भंडाऱ्याच्या कासाराकडून आणली होती. आता धान काट्यावर मोजतात, कट्ट्यात भरतात आणि ट्रॅक्टरवर चढवतात, त्यामुळे पायलीला काम उरलेलं नाही. मी लहान होते तेव्हा मात्र उसनं धान याच मापाने जायचं आणि याच मापाने परत यायचं. आबाजींचा त्यात एक नियम होता. देताना धान हळूच ओतून मोजलं असेल, तर घेतानाही हळूच ओतायचं. हादरवून भरलं असेल, तर घेतानाही हादरवायचं. देताना पोकळ आणि घेताना ठोकून भरणारा माणूस त्यांना चालत नसे. ते म्हणायचे, "पायलीत नुसतं धान नसते गा, हवाही असते. हवेचा हिशोब चुकला का माणूस चुकला."

मी साकोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण स्थायू पदार्थांचं आहे. कॉलेज सुरू होतं तेव्हा बांध्यांमध्ये धानाच्या रोपांचे पऱ्हे हिरवे झालेले असतात, आणि रोवणी लागली की वर्गातले अर्धे बाक रिकामे पडतात. जी मुलं येतात त्यांना मी फळ्यावर तीन आकडे लिहून देते : ५२, ६८, ७४. सारख्या आकाराचे गोळे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी रचले, तर एकूण जागेपैकी इतके टक्के जागा गोळ्यांनी भरते आणि बाकीची रिकामी राहते. परीक्षेत एका गुणाला विचारले जाणारे हे आकडे आहेत. पण पितळेचं भांडं, लोखंडाचा इळा आणि टॉर्चमधला सेल हे तिन्ही या आकड्यांवर उभे आहेत, आणि आबाजींचा हवेचा हिशोब त्यांच्या मुळाशी आहे. तोच इथे मांडते आहे.

ओतलेलं माप, हादरवलेलं माप

दरवर्षी मी वर्गात एक लिटरची काचेची बरणी आणि पिशवीभर कंचे घेऊन जाते. बरणी कंच्यांनी काठोकाठ भरायची, मग मोजपात्राने पाणी ओतायचं आणि किती मावतं ते पाहायचं. मुलांचे अंदाज शंभर मिलिलिटरच्या आसपास असतात. प्रत्यक्षात चारशेच्या जवळपास पाणी मावतं. दिसायला गच्च भरलेल्या बरणीचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा हवाच असते. मग कंचे बाहेर काढून पुन्हा भरायचे, पण या वेळी बरणी हलवत, टेबलावर हलकेच आपटत. कंचे खाली बसतात, वर चार-सहा जास्त मावतात आणि पाणी कमी लागतं.

हेच मोजमाप टोरंटो विद्यापीठातल्या जी. डी. स्कॉट यांनी १९६० मध्ये फार काटेकोरपणे केलं. त्यांनी पोलादाच्या हजारो छोट्या गोळ्या भांड्यांमध्ये ओतल्या. भांड्याच्या भिंतीलगत गोळ्या नीट बसत नाहीत, म्हणून लहानमोठी भांडी वापरून भिंतीचा परिणाम हिशोबातून काढून टाकला. हळूच ओतलेल्या गोळ्या सुमारे ६० टक्के जागा भरतात आणि हादरवून बसवलेल्या सुमारे ६४ टक्के, असं त्यांना आढळलं. आबाजींची दोन मापं ती हीच. पोकळ माप आणि ठोकलेलं माप यांच्यात जो फरक पडतो, तो कुणाच्या हातचलाखीचा नसतो. तो गोळ्यांच्या भूमितीतच असतो.

बरणी कितीही हलवली तरी ६४ च्या पुढे सहज का जाता येत नाही? प्रत्येक गोळी शेजारच्या गोळ्यांच्या पिंजऱ्यात अडकते. तिला सरकायला जागा हवी असेल, तर आधी शेजारणीने सरकायला हवं, आणि शेजारीण तिच्या शेजाऱ्यांमध्ये अडकलेली असते. लंडनमध्ये जे. डी. बर्नाल यांनी त्याच काळात गोळ्यांच्या ढिगावर काळा रंग ओतला, तो वाळू दिला आणि एकेक गोळी सोडवून तिच्यावरचे स्पर्शाचे ठिपके मोजले. द्रवातले अणू एकमेकांजवळ कसे बसतात ते त्यांना समजून घ्यायचं होतं. द्रव म्हणजे अणूंचा असाच विस्कटलेला, पण दाट ढीग, ही कल्पना त्या ठिपक्यांतून पक्की झाली.

वितळलेला धातू इतक्या झटक्यात थंड केला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही, तर तो ढीग तसाच गोठतो. कॅलिफोर्नियात १९६० मध्येच सोनं आणि सिलिकॉन यांचा असा पहिला काचरूप धातू तयार झाला. आज लोहाच्या काचरूप पट्ट्या काही ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरतात. खांबावरच्या डीपीत भार नसतानाही वीज वाया जात असते. ते नुकसान या पट्ट्यांमुळे बरंच कमी होतं, कारण अणूंची रांग नसलेल्या या धातूत चुंबकत्वाची दिशा सहज बदलते.

संत्र्यांचा ढीग

आता बाजारात चला. हिवाळ्यात संत्रीवाला हातगाडीवर ढीग रचतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण खालच्या थरातल्या तीन संत्र्यांमध्ये जो खोलगा पडतो, त्यातच तो वरचं संत्रं ठेवतो. आतल्या प्रत्येक संत्र्याला तेव्हा बारा शेजारी मिळतात : सहा त्याच थरात, तीन वर, तीन खाली. भरलेली जागा होते ७४ टक्क्यांहून किंचित जास्त, ७४.०५.

अशा ढिगाचं गणित आपल्याकडे फार जुनं आहे. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात अशा रचलेल्या चितीतले गोळे मोजण्याचा नियम दिला आहे. तीन बाजूंचा ढीग दहा थरांचा असेल, तर दहा, अकरा आणि बारा यांचा गुणाकार करायचा आणि सहाने भागायचं. उत्तर येतं २२०. वर्गात मुलं थर मोजत बेरीज करत बसतात, एक, तीन, सहा, दहा, आणि शेवटी तोच आकडा येतो तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

यापेक्षा दाट रचना असूच शकत नाही, असं योहान्नेस केप्लर यांनी १६११ मध्ये हिमकणाच्या सहा पाकळ्यांवर लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेत म्हटलं. सिद्धता दिली नव्हती. गाऊस यांनी १८३१ मध्ये अर्धी वाट पार केली : गोळे ठरावीक अंतराने नेमाने बसवलेले असतील, तर ७४ च्या वर जाता येत नाही. पण नेम मोडून, वेडंवाकडं रचून कुठेतरी जास्त मावत असेल तर? ही शंका फेडायला १९९८ साल उजाडलं. थॉमस हेल्स यांनी सॅम्युअल फर्ग्युसन या विद्यार्थ्यासोबत सिद्धता पूर्ण केली. तिचा बराच भाग संगणकाच्या आकडेमोडीवर उभा होता. बारा परीक्षकांनी ती वर्षानुवर्षं तपासली आणि आपली ९९ टक्के खात्री आहे असं कळवलं. लेख २००५ मध्ये छापला गेला, पण राहिलेला एक टक्का हेल्स यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी मोठा चमू जमवला, तर्काची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेतली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ते काम पुरं केलं. संत्रीवाल्याचा हात बरोबर होता हे ठरवायला चार शतकं लागली.

माझ्या वर्गातल्या मुलींना मी आणखी एक नाव आवर्जून सांगते. युक्रेनच्या मारिना व्याझोव्स्का यांनी २०१६ मध्ये हाच प्रश्न आठ मितींसाठी सोडवला. पाठोपाठ चोवीस मितींसाठीही उत्तर मिळालं, आणि त्या कामातल्या त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये अभिनव कुमार हे भारतीय गणितज्ञ होते. २०२२ मध्ये व्याझोव्स्का यांना फील्ड्स पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या जगातल्या दुसऱ्या स्त्री आहेत.

पायलीचं पितळ

संत्र्यांच्या ढिगात एक बारीकशी निवड दडलेली असते. पहिला थर घातला, दुसरा त्याच्या खोलग्यांत बसवला. आता तिसऱ्या थराला दोन जागा मोकळ्या असतात. तो बरोबर पहिल्या थराच्या डोक्यावर येऊ शकतो, किंवा तिसऱ्याच ठिकाणच्या खोलग्यांत बसू शकतो. दोन्ही प्रकारांत जागा तितकीच भरते. पण जस्ताचे अणू पहिली वाट धरतात, त्यांचे थर थोडे ताणलेले असले तरी. तांब्याचे अणू दुसरी वाट धरतात. एवढ्या एका निवडीने दोन धातूंचे स्वभाव वेगळे होतात.

धातूवर हातोडी पडते तेव्हा अणूंचे दाट थर एकमेकांवरून सरकतात. तांब्याच्या रचनेत असे दाट थर चार वेगवेगळ्या तिरप्या दिशांना सापडतात, आणि प्रत्येक थरात सरकायला तीन वाटा असतात. म्हणजे बारा वाटा. घाव कुठूनही बसला तरी कुठला तरी थर सरकायला तयार असतो, म्हणून तांबं ठोकून पसरतं. जस्तात दाट थर एकाच दिशेला असतात. त्या दिशेने घाव बसला नाही तर धातू सहज सरकत नाही, तडकतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्ताचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या आत असेल, तर जस्ताचे अणू तांब्याच्या घरात तांब्याच्या जागांवर निमूट बसतात आणि तांब्याच्या बारा वाटा शिल्लक राहतात. भांड्यांसाठी असं पितळ चांगलं, कारण ते थंडपणीच ठोकून घडवता येतं. जस्त त्याहून बरंच वाढलं की घराची रचनाच बदलते. ती ६८ टक्क्यांच्या रचनेसारखी होते आणि धातू थंडपणी हातोडीला दाद देत नाही.

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. गुंड, गंज, लोटे, पायल्या तिथल्या कासारांच्या हातून घडल्या. घाव घालत राहिलं की पितळ हळूहळू कडक होतं, कारण सरकलेल्या थरांच्या कडा एकमेकींत गुंततात. कासाराला ते हातोडीच्या आवाजावरून कळतं. मग तो भांडं भट्टीत तापवतो, अणू पुन्हा आपापल्या रांगेत बसतात, पितळ मऊ होतं आणि घाव पुन्हा सुरू होतात. आमच्या पायलीच्या अंगावर ते घाव अजून मोजता येतात. आत भरलेलं धान विस्कटलेल्या ढिगाचा नियम पाळायचं आणि बाहेरचं पितळ रचलेल्या ढिगाचा, हे मला या एका वस्तूत दिसतं, म्हणून ती मी जिवापाड जपते.

इळ्याचं पाणी

लोखंडाची गोष्ट आणखी नवलाची. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू ६८ च्या रचनेत असतात, प्रत्येकाला आठच शेजारी. तापवत नेलं की ९१२ अंश सेल्सिअसला ते ७४ च्या रचनेत जातात. तापलं की पसरणारा हा धातू त्या क्षणी आकसतो, कारण अणू अचानक दाटीने बसतात.

आता प्रश्न कार्बनचा. लोखंडात कार्बन शिरला की पोलाद होतं. कार्बनचा अणू लहान, तो लोखंडाच्या अणूंमधल्या पोकळीत बसतो. मी वर्गात विचारते : कुठल्या रचनेत जास्त कार्बन मावेल? मुलं लगेच म्हणतात, "६८ मध्ये मॅडम, तिथे रिकामी जागा जास्त आहे." खरं उत्तर उलट आहे. ६८ च्या रचनेत एकूण रिकामी जागा जास्त, पण ती चिंधड्याचिंधड्या होऊन विखुरलेली असते. ७४ च्या रचनेत रिकामी जागा कमी, पण तिच्यातल्या पोकळ्या मोठ्या. एका घरात वीस कोनाडे असावेत आणि पाहुण्याला पाठ टेकायला खोली नसावी, दुसऱ्या घरात कोनाडे थोडे पण एक खोली मोकळी असावी, तसं हे आहे. गोळ्याची त्रिज्या एक मानली, तर ७४ च्या रचनेतल्या मोठ्या पोकळीत ०.४१४ त्रिज्येचा गोळा मावतो, ६८ च्या रचनेत जेमतेम ०.२९१ चा. म्हणून तापलेल्या, दाट लोखंडात वजनाने दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळतो, आणि थंड लोखंडात शेकड्याला ०.०२ सुद्धा मुश्किलीने.

आमच्याकडे धानकापणीच्या आधी लोहाराकडे इळे जातात. तो पातं लालबुंद तापवतो आणि पाण्यात बुडवतो. याला पाणी पाजणं म्हणतात. तापलेलं असताना कार्बनला खोली मिळालेली असते. पाण्यात पडताच लोखंड ६८ च्या रचनेकडे परतू पाहतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो कोनाड्यात कोंबला जातो आणि सगळी रचना एका बाजूने ताणून धरतो. त्या ताणातून धारेची कणखरता येते. चर्रर्र असा आवाज होतो तेवढ्या वेळात हे सगळं घडून जातं.

आमच्याच भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. आज त्या मॉईल या सरकारी कंपनीकडे आहेत. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये लोखंडात १२ टक्क्यांच्या आसपास मॅंगनीज आणि थोडा कार्बन घातला, तेव्हा एक वेगळंच पोलाद हाती आलं. ते थंड झालं तरी ७४ ची रचना सोडत नाही. मॅंगनीज अणूंना जणू धरून ठेवतं. असं पोलाद ठोकलं की तडकत नाही, उलट पृष्ठभागावर अधिकाधिक कडक होत जातं. म्हणून रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे, आणि गिट्टी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यांमध्ये ते वापरतात.

सेलमधल्या बोळी

डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मॅंगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठीही जातं. सेल फोडला की जी काळी भुकटी हाताला लागते, तिच्यात हेच असतं. त्यात ऑक्सिजनचे मोठे अणू संत्र्यांसारखे जवळजवळ दाट थरांत बसलेले असतात. त्यांच्यामधल्या पोकळ्यांपैकी निम्म्यांत मॅंगनीज असतं, निम्म्या रिकाम्या. त्या रिकाम्या पोकळ्या एकीला एक लागून लांब बोळी तयार होतात. टॉर्च पेटते तेव्हा हायड्रोजनचे चिमुकले कण या बोळींत शिरत असतात आणि बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन मॅंगनीजकडे येत असतात. बोळी भरत आल्या की उजेड मंदावतो. रात्री बांधीवर पाणी पाहायला निघालेल्या माणसाच्या हातातला तो उजेड रिकाम्या जागेने दिलेला असतो.

लिथियमच्या काही बॅटऱ्यांमध्येही हीच युक्ती आहे. तिथेही ऑक्सिजनचा दाट ढीग, मॅंगनीज ठरल्या पोकळ्यांत, आणि लिथियम बाकीच्या पोकळ्यांतून ये-जा करणारं. चार्ज करताना ते बाहेर पडतं, वापरताना परत येतं. बॅटरीवर काम करणारे संशोधक नव्या पदार्थात आधी हेच पाहतात की पोकळ्या केवढ्या आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत.

दाण्याचा आकार

धानाचा दाणा मात्र गोल नसतो. जाड्या आणि बारीक धानाची पायली सारखी भरली तरी वजन सारखं येत नाही, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं. आकार बदलला की हवेचा हिशोब बदलतो. २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी अख्ख्या मसुरासारख्या चपट्या गोल चॉकलेटच्या गोळ्या भांड्यात ओतून पाहिल्या. त्या विस्कटलेल्या असूनही ६८ ते ७१ टक्के जागा भरत होत्या, कंच्यांच्या ६४ च्या कितीतरी पुढे. कारण समजायला सोपं आहे. कंचा जागच्या जागी फिरला तरी तसाच राहतो. मसूर फिरला की त्याची बसकण बदलते, आणि त्याला पक्कं अडकवायला जास्त शेजारी लागतात. कंच्याला सरासरी सहा शेजारी पुरतात, या गोळ्यांना दहाच्या आसपास लागतात. मात्र आकार फार लांबट झाला, काडीसारखा, की दाणे एकमेकांना आडवे येतात आणि भरणी पुन्हा सैल होते. औषधाच्या गोळ्या दाबून बनवणारे, चिनी मातीची भुकटी भट्टीत भाजणारे, त्रिमितीय छपाईसाठी धातूची भुकटी पसरणारे, सगळे आकाराचा हा हिशोब मांडतात.

आणि आकारमानं मिसळली तर? वर्गातल्या एका मुलाने मला हेच विचारलं. त्याचे वडील गवंडीकाम करतात. मी त्यालाच उलट विचारलं, की तुझे बाबा स्लॅबसाठी माल कसा कालवतात? तो म्हणाला, "मोठी गिट्टी, बारीक गिट्टी, रेती, मग सिमेंट." मोठ्या गिट्टीच्या फटीत बारीक गिट्टी, तिच्या फटीत वैनगंगेची रेती, रेतीच्या फटीत सिमेंट. असा उतरता क्रम जमला की ७४ चा आकडा मागे पडतो, कारण तो सारख्या गोळ्यांसाठी आहे. अमेरिकेत फुलर आणि थॉम्पसन यांनी १९०७ मध्ये काँक्रीटसाठी या उतरत्या क्रमाचा आलेख बसवला, आणि तो विचार आजही वापरात आहे. फट जितकी कमी उरेल तितकं सिमेंट कमी लागतं आणि स्लॅब पक्का होतो.

त्या दिवशी मी आबाजींची पायली वर्गात नेली होती. त्या मुलाला म्हटलं, हिच्यात आधी कंचे भर. त्याने भरले. मग म्हटलं, आता धान ओत. त्याने मूठमूठ धान सोडलं, बरणीसारखीच पायली टेबलावर हलकेच आपटली, आणि कंच्यांमधून दाणे खाली झरत गेले. काठापर्यंत भरल्यावर त्याने तळहाताने वरचं धान सपाट केलं, जसं आबाजी करायचे. मग मान वर करून विचारलं, "मॅडम, आता हिच्यात हवा किती उरली असेल?"

मी त्याच्या हातात मोजपात्र दिलं.